रेडिओ तरंग, अँटेना आणि बिनतारी जाळे : मंचर–खोडद परिसराच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

बिनतारी संगणक-जाळे आणि मोबाइल सेवा यांचा पाया रेडिओ तरंग व अँटेना हा आहे. प्रस्तुत लेखात वारंवारता, तरंगलांबी, डेसिबेल, अँटेनाचा लाभ, ध्रुवीकरण आणि मार्गातील अडथळे या मूलभूत संकल्पनांचे विवेचन आंबेगाव व जुन्नर तालुक्यांच्या संदर्भात केले आहे. या परिसरात एकीकडे बिनतारी सेवेची वाढती गरज आहे, तर दुसरीकडे खोडद येथे अतिक्षीण रेडिओ तरंग टिपणारी जगप्रसिद्ध दुर्बीण आहे. अँटेनाचे शास्त्र समजून घेतल्यास या दोन गरजांतील विरोध बऱ्याच अंशी कमी करता येतो, असे येथे दाखविले आहे.

बीजशब्द : रेडिओ तरंग, अँटेना, डेसिबेल, बिनतारी जाळे, जीएमआरटी, रेडिओ व्यत्यय.

प्रस्तावना

पुणे–नाशिक महामार्गावरील मंचर ही आंबेगाव तालुक्यातील प्रमुख बाजारपेठ आहे. तालुक्याचा पूर्व भाग सपाट व बागायती असून पश्चिम भाग भीमाशंकर, डिंभे, आहुपे या बाजूने सह्याद्रीच्या डोंगरांत शिरतो. बाजारभाव, बँकेचे व्यवहार, विद्यार्थ्यांचे शिक्षण या सर्व गोष्टी आज बिनतारी संपर्कावर अवलंबून आहेत. डोंगरकपारीतील वाडीवर मोबाइलला 'रेंज' मिळत नाही ही तक्रार त्यामुळे गैरसोयीपुरती राहत नाही. ती संधीच्या विषमतेशी निगडित आहे.

याच परिसराच्या ईशान्येस, नारायणगावजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप', म्हणजेच जीएमआरटी, ही रेडिओ दुर्बीण उभी आहे. प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली ती साकारली. पुण्यापासून फार दूर नसलेली, तरीही डोंगरांच्या आडोशामुळे शहरी रेडिओ गोंगाटापासून बऱ्याच अंशी सुरक्षित असलेली जागा म्हणून या परिसराची निवड झाली. ज्या डोंगरामुळे वाडीवर संदेश पोहोचत नाही, तशाच डोंगरांनी दुर्बिणीला शांतता दिली. दोन्हींमागे भौतिकशास्त्राचा एकच नियम आहे.

वारंवारता आणि तरंगलांबी

रेडिओ तरंग हे प्रकाशाप्रमाणेच विद्युतचुंबकीय तरंग होत. निर्वातात त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर असतो. एका सेकंदात होणाऱ्या आंदोलनांची संख्या म्हणजे वारंवारता आणि लागोपाठच्या दोन शिखरांमधील अंतर म्हणजे तरंगलांबी. ३०० या संख्येस मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागले असता तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. त्यानुसार १०० मेगाहर्ट्झच्या एफएम नभोवाणीची तरंगलांबी ३ मीटर, ९०० मेगाहर्ट्झच्या मोबाइल तरंगांची सुमारे ३३ सेंटिमीटर, तर २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायची सुमारे १२ सेंटिमीटर भरते.

तरंगलांबीवर दोन महत्त्वाच्या गोष्टी अवलंबून असतात. पहिली म्हणजे अँटेनाचा आकार. अर्धतरंग द्विध्रुव या सर्वांत साध्या अँटेनाची लांबी तरंगलांबीच्या सुमारे निम्मी असते. म्हणून एफएमसाठी दीड मीटरची दांडी लागते, तर वाय-फायसाठी सहा सेंटिमीटरची पुरते. दुसरी म्हणजे अडथळ्यांशी होणारे वर्तन. लांब तरंग टेकडीच्या किंवा इमारतीच्या कडेवरून काहीसे वळून पलीकडे पोहोचतात. यास विवर्तन म्हणतात. आखूड तरंगांची सावली अधिक ठळक पडते. डोंगराळ भागासाठी कमी वारंवारतेचे पट्टे उपयुक्त ठरतात ते यामुळेच.

डेसिबेलची भाषा

रेडिओ तंत्रात शक्तीची व्याप्ती इतकी प्रचंड असते की साध्या बेरीज-वजाबाकीने हिशेब करणे अवघड जाते. म्हणून डेसिबेल हे लघुगणकीय परिमाण वापरतात. ३ डेसिबेल वाढ म्हणजे शक्ती सुमारे दुप्पट, १० डेसिबेल म्हणजे दहापट, २० डेसिबेल म्हणजे शंभरपट. एक मिलिवॅट शक्तीस शून्य मानून मोजलेल्या परिमाणास डीबीएम म्हणतात. १०० मिलिवॅट म्हणजे २० डीबीएम. उणे ६० डीबीएम म्हणजे एका वॅटचा अब्जावा भाग. इतक्या क्षीण शक्तीवरही वाय-फायचा संच उत्तम चालतो.

अँटेनाचा लाभ : शक्तीची वाढ नव्हे, दिशा

अँटेनाच्या 'लाभा'विषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. अधिक लाभाचा अँटेना अधिक शक्ती निर्माण करतो, असे अनेकांना वाटते. वस्तुतः अँटेना ऊर्जा निर्माण करीत नाही. मिळालेली ऊर्जा तो विशिष्ट दिशेत एकवटतो. कंदिलाचा उजेड खोलीभर पसरतो, तर विजेरीचा झोत एका जागी पडतो. दिवा तेवढाच असला तरी परावर्तकामुळे त्या दिशेचा प्रकाश वाढतो आणि इतरत्र अंधार राहतो. सर्व दिशांना समान विकिरण करणाऱ्या काल्पनिक अँटेनाशी तुलना करून लाभ मोजतात. द्विध्रुवाचा लाभ सुमारे २ डेसिबेल असतो, तर जाळीच्या अन्वस्त परावर्तकाचा २४ डेसिबेलपर्यंत असू शकतो. जो अँटेना पाठवताना एखाद्या दिशेस झुकते माप देतो, तो ग्रहण करतानाही त्याच दिशेस तेवढेच झुकते माप देतो. या गुणधर्मास पारस्परिकता म्हणतात.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, मंचरच्या पूर्वेकडील सपाटीवर दहा किलोमीटर अंतरावरील दोन इमारती २.४ गिगाहर्ट्झच्या दुव्याने जोडावयाच्या आहेत. मोकळ्या अवकाशातही एवढ्या अंतरात तरंग पसरल्यामुळे सुमारे १२० डेसिबेल क्षय होतो. प्रेषकाची शक्ती १२ डीबीएम, म्हणजे अवघी १६ मिलिवॅट, आणि दोन्ही टोकांना २४ डेसिबेल लाभाचे जाळीदार परावर्तक आहेत असे मानू.

प्राप्त शक्ती = १२ + २४ − १२० + २४ = उणे ६० डीबीएम.

दुवा भक्कम आहे. आता परावर्तकांऐवजी दोन्हीकडे २ डेसिबेलचे साधे द्विध्रुव लावल्यास :

प्राप्त शक्ती = १२ + २ − १२० + २ = उणे १०४ डीबीएम.

२० मेगाहर्ट्झ रुंदीच्या वाहिनीत केवळ उष्णतेमुळे निर्माण होणारा गोंगाटच सुमारे उणे १०१ डीबीएम असतो. म्हणजे संदेश गोंगाटात बुडून जातो. फरक ४४ डेसिबेलचा आहे. केवळ शक्ती वाढवून तो भरून काढावयाचा तर ती सुमारे पंचवीस हजार पट, म्हणजे जवळजवळ ४०० वॅट करावी लागेल. योग्य अँटेना जे काम विनाखर्च करतो, ते शक्तीच्या बळावर करणे अव्यवहार्य आहे आणि बेकायदेशीरही. भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्टा परवानामुक्त करणाऱ्या २००५ च्या अधिसूचनेने प्रेषकाची शक्ती आणि अँटेनाचा लाभ मिळून होणाऱ्या प्रभावी विकिरणावर ४ वॅट, म्हणजे ३६ डीबीएम, ही मर्यादा घातली आहे. वरील पहिले उदाहरण नेमके या मर्यादेत बसते.

ध्रुवीकरण आणि मोकळा मार्ग

तरंगातील विद्युतक्षेत्र ज्या दिशेत आंदोलन करते, ती त्याची ध्रुवीकरण-दिशा होय. एका टोकाचा अँटेना उभा व दुसऱ्याचा आडवा बसविल्यास शक्तीचा मोठा भाग वाया जातो. प्रत्यक्ष उभारणीत या साध्या चुकीमुळे अनेक दुवे दुर्बळ राहतात.

दुसरी चूक मार्गाविषयीची. दुर्बिणीतून समोरचा मनोरा दिसला म्हणजे मार्ग मोकळा आहे, असे समजले जाते. रेडिओ तरंग मात्र सरळ रेषेभोवतीच्या लंबगोलाकार जागेतून प्रवास करतात. या जागेस फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. वरील दहा किलोमीटरच्या दुव्यात मध्यभागी या क्षेत्राची त्रिज्या सुमारे साडेसतरा मीटर येते आणि तिचा किमान साठ टक्के भाग, म्हणजे साधारण साडेदहा मीटर, मोकळा असावा लागतो. उन्हाळ्यात चाललेला दुवा पावसाळ्यानंतर अडखळू लागला, तर मार्गातील वाढलेली, पानांनी भरलेली झाडे हे त्याचे एक संभाव्य कारण असते.

खोडदची दुर्बीण : त्याच तत्त्वांचा विराट आविष्कार

जीएमआरटीमध्ये प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांपैकी १४ तबकड्या सुमारे एक किलोमीटरच्या मध्यवर्ती क्षेत्रात असून उर्वरित १६ इंग्रजी 'वाय' आकाराच्या तीन शाखांवर सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात पसरल्या आहेत. तबकडीचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा नसून पोलादी तारांच्या जाळीचा आहे. जाळीची छिद्रे एक ते दोन सेंटिमीटरची, तर ग्रहण करावयाच्या तरंगांची लांबी २१ सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत आणि त्याहूनही अधिक. छिद्र तरंगलांबीच्या मानाने बरेच लहान असल्यास तरंगाला जाळी भरीव आरशासारखीच असते. वाऱ्याला मात्र ती अडवीत नाही; म्हणून सांगाडा हलका व स्वस्त झाला. घराच्या गच्चीवरील जाळीदार वाय-फाय अँटेनामागेही हेच तत्त्व आहे.

तबकडीचा व्यास तरंगलांबीच्या जितक्या पट मोठा, तितका तिचा झोत अरुंद. १४२० मेगाहर्ट्झला एका तबकडीचा झोत सुमारे ०.४ अंश, म्हणजे चंद्रबिंबाहून किंचित लहान असतो. १५० मेगाहर्ट्झला तो सुमारे ३ अंशांपर्यंत रुंदावतो. मात्र कोणताही अँटेना पूर्णपणे एकदिश नसतो. मुख्य झोताच्या बाजूंना दुर्बळ उपझोत असतातच. तबकडी आकाशाकडे रोखलेली असली तरी क्षितिजावरील मनोऱ्याचे तरंग या उपझोतांतून आत शिरतात.

या शिरकावाचे गांभीर्य एका गणिताने कळते. रेडिओ खगोलशास्त्रात जान्स्की हे एकक वापरतात. एक जान्स्की म्हणजे दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला, १०चा उणे २६ वा घात इतके वॅट. २०० किलोहर्ट्झच्या वाहिनीत एक वॅट विकिरण करणारा मोबाइल थेट चंद्रावर ठेवला, तरी पृथ्वीवर त्याची तीव्रता सुमारे २७० जान्स्की भरेल. जीएमआरटी मात्र जान्स्कीच्या हजाराव्या भागाहूनही क्षीण अशा स्रोतांचा अभ्यास करते. तोच मोबाइल चंद्रावर नसून शेजारच्या शेतात असेल तर काय होईल, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

संघर्ष कोठे आहे?

उदासीन हायड्रोजन १४२०.४ मेगाहर्ट्झला उत्सर्जन करतो. म्हणून १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा आंतरराष्ट्रीय नियमांनी प्रेषणासाठी वर्ज्य ठरविला आहे. परंतु विश्वाच्या प्रसरणामुळे दूरच्या दीर्घिकांचा हाच संदेश खालच्या वारंवारतेस सरकतो. सुमारे ८.८ अब्ज वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतील हायड्रोजनपासून निघालेला संदेश जीएमआरटीच्या साहाय्याने टिपल्याचे २०२३ साली जाहीर झाले. तो सुमारे ६२० मेगाहर्ट्झला आढळला. या वारंवारतेस कोणतेही तसे संरक्षण नाही.

जीएमआरटीच्या अद्ययावतीकरणानंतर तिचा एक ग्राही ५५० ते ८५० मेगाहर्ट्झ इतका विस्तीर्ण पट्टा एकाच वेळी ग्रहण करू शकतो. दूरवर पोहोचणारा म्हणून मोबाइल सेवेस हवासा असलेला आणि २०२२ च्या लिलावात देशात प्रथमच विकला गेलेला ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा याच मर्यादेत येतो. डोंगरातील वाडीला जो तरंग उपयुक्त, तोच खगोलशास्त्रज्ञालाही मोलाचा आहे.

व्यत्यय केवळ मोबाइलचाच असतो असेही नाही. शेतीपंपांना वीज पुरविणाऱ्या वाहिन्यांचे सैल सांधे व तडकलेले विद्युतरोधक यांतून उडणाऱ्या सूक्ष्म ठिणग्या फार रुंद पट्ट्यात रेडिओ गोंगाट पसरवतात. अशा स्पंदी गोंगाटाची छाटणी करणारी तत्काळ गणनपद्धती जीएमआरटीसाठी विकसित करण्यात आली. पुणे–नाशिक नव्या रेल्वेमार्गाच्या आखणीतही या दुर्बिणीच्या संरक्षणाचा प्रश्न निर्णायक ठरला. रेडिओ शांततेची किंमत परिसरातील सामान्य माणसाच्या अपेक्षांशी जोडली गेली आहे, ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही.

व्यवहार्य मार्ग

या संघर्षाचे उत्तर अँटेनाच्या मूलतत्त्वांतच शोधता येते. पहिले, दोन निश्चित ठिकाणे जोडताना सर्वदिशिक अँटेनाऐवजी दिशिक अँटेना वापरावा. अल्प शक्तीत दुवा बळकट होतो आणि अनावश्यक दिशांना होणारे विकिरण घटते. दुसरे, मनोऱ्यावरील विभागीय अँटेनाचा झोत वस्तीकडे किंचित खाली झुकवावा. क्षितिजाकडे जाणारी शक्ती ग्राहकाच्या उपयोगी पडत नाही. तिसरे, 'रेंज' वाढविण्यासाठी घरोघरी बसविले जाणारे अनधिकृत बूस्टर टाळावेत. सदोष बूस्टर स्वतःच आंदोलन करू लागतो व आसपासच्या सर्वांचीच सेवा बिघडवतो. चौथे, जेथे शक्य तेथे गावापर्यंत प्रकाशतंतू न्यावा आणि बिनतारी टप्पा शेवटच्या थोड्या अंतरापुरता ठेवावा. जीएमआरटीच्या तबकड्यांकडून मध्यवर्ती केंद्रापर्यंत संदेश प्रकाशतंतूंतूनच येतात, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

समारोप

बिनतारी जाळ्याची गुणवत्ता केवळ शक्तीवर ठरत नाही. योग्य वारंवारता, योग्य दिशा, जुळलेले ध्रुवीकरण आणि मोकळा मार्ग यांच्या मेळातून ती साधते. ही तत्त्वे पाळल्याने ग्राहकाला चांगली सेवा मिळते आणि खोडदच्या तबकड्यांना आवश्यक ती शांतताही लाभते. दरवर्षी २८ फेब्रुवारीस, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, परिसरातील विद्यार्थी खोडद येथे येतात. आपल्या खिशातील मोबाइल आणि समोरची तबकडी एकाच नियमाने चालतात, हे त्यांना उमगले तर रेडिओ शांतता ही बाहेरून लादलेली बंधने न वाटता या परिसराची सामाईक संपत्ती वाटू लागेल. विहिरीच्या पाण्याप्रमाणेच वारंवारतेचा पट्टाही मर्यादित असून तो काटकसरीने वापरल्यासच सर्वांना पुरतो.