व्हिस्टा नको, मोहावी चालेल
३० जानेवारी २००७ रोजी विंडोज व्हिस्टा बाजारात आली आणि तक्रारी सुरू झाल्या. संगणक मंदावला, जुना प्रिंटर चालेना, दर थोड्या वेळाने पडदा काळवंडून परवानगी मागितली जाई.

यातली परवानगीची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. व्हिस्टाच्या आधीच्या विंडोज एक्सपीमध्ये बहुतेक लोक सर्वाधिकारी खात्यातूनच काम करत. त्यामुळे एखादा व्हायरस शिरला, की त्यालाही तेच सर्वाधिकार आपोआप मिळत. सर्वाधिकार वापरण्याआधी परवानगी विचारून व्हिस्टाने ही वाट अडवली. माझ्या मते निर्णय योग्यच होता. पण विचारणा इतकी वारंवार होई, की लोक न वाचताच होकार देऊ लागले.

२००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक प्रयोग केला. व्हिस्टा न वापरताच तिला नाके मुरडणाऱ्यांना ‘मोहावी’ नावाची नवी प्रणाली दाखवली. ती बहुतेकांना आवडली. मग सांगितलं, ही व्हिस्टाच!

ऐकीव मत किती घट्ट बसतं, हे त्यातून दिसलं. पण वापरणाऱ्यांच्या तक्रारी खोट्या होत्या, असं त्यातून मुळीच ठरत नाही. प्रयोगात संगणक आधीच सज्ज ठेवलेला होता. घरचा जुना प्रिंटर जोडायची वेळ कुणावर आली नाही, आणि खरा त्रास त्यातच होता: अशा यंत्रांशी बोलणारे प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, उत्पादकांनी वेळेत तयार केले नव्हते.

ऑक्टोबर २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ चं भरभरून स्वागत झालं. तोवर ड्रायव्हर आले होते, संगणकांची ताकद वाढली होती, परवानगीच्या विचारणाही कमी केल्या होत्या. पाया मात्र व्हिस्टाचाच. व्हिस्टाचा अंतर्गत आवृत्ती क्रमांक ६.०, विंडोज ७ चा ६.१.