‘मला सवय झालीये’

परभणी जिल्ह्यातल्या मानवत, सेलू, पाथरी या पट्ट्यात कपाशीवर फवारा मारणाऱ्या गड्याला हातमोजे घाल म्हणा. उत्तर ठरलेलं: ‘दहा वर्षं मारतोय, सवय झालीये.’ फवारणीबद्दलचा सगळ्यात घातक गैरसमज हाच.

प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं शरीरातलं कोलिनेस्टरेज हे विकर निकामी करतात. मज्जातंतूने स्नायूला दिलेला निरोप पुसून टाकणं हे त्या विकराचं काम. निरोप पुसला गेला नाही की स्नायू फडफडतात, घाम आणि लाळ सुटते, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. खर्ची पडलेलं विकर भरून यायला कित्येक आठवडे लागतात आणि मजूर तर आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या रानात. म्हणजे सवय कसली, शिल्लक संपत जाते. काल निभावलेलाच फवारा मग एखाद्या दिवशी अंगावर येतो.

‘पोटात गेलं तरच बाधतं’ हा समज 2017 साली यवतमाळ जिल्ह्याने खोटा ठरवला. तिथे फवारता फवारता शेकडो जणांना बाधा झाली, वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. कपाशी डोक्यापर्यंत वाढलेली, एकाच पंपात दोन-तीन औषधं मिसळलेली. (औषधं एकत्र मिसळू नका, असं परभणीचं कृषी विद्यापीठही सांगत असतं, ऐकतं कोण?) फवारणाऱ्याच्या अंगात विष जातं ते मुख्यतः कातडीतून. पंपाचं झाकण गळतं, पाठीवरून ओघळ कंबरेत उतरतो, पँट अंगावरच वाळते. जांघेतली, अंडकोषाची कातडी हाताच्या कातडीपेक्षा कित्येक पटींनी जास्त शोषते. तोंडाला बांधलेला रुमाल तिथे काय करणार? उलट ओला झाला की तोच औषध नाकाशी धरून ठेवतो. नोझल तुंबलं की तोंडाने फुंकणारेही आहेतच. आणि ते कपडे घरच्या धुण्यात गेले की धुणारीलाही प्रसाद मिळतो.

‘हिरवा त्रिकोण, म्हणजे बिनधोक’ हेही खरं नाही. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा रंग तातडीच्या विषबाधेचा धोका सांगतो. वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगात गेल्यावर काय होईल, ते नाही. मॅलेथिऑन हे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं त्यातल्या त्यात सौम्य समजलं जातं, पण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये ते ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवलं. पॅराक्वाट या तणनाशकाचा कंपवाताशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे.

बाधा झाल्यावर दूध-तूप पाजणं, बोटं घालून उलटी काढणं हे घरगुती उपाय नकोतच. गुंगीतल्या माणसाची उलटी फुप्फुसात उतरू शकते. कपडे उतरवून अंग साबणाने धुवावं आणि 108 ला फोन लावावा. दवाखान्यात अॅट्रोपिन या उताऱ्याने घाम-लाळ आटते, माणूस उठून बसतो, घरचे सुट्टी मागतात. पण काहींना एक ते चार दिवसांत मान उचलवेनाशी होते, श्वासाचे स्नायू ढेपाळतात, व्हेंटिलेटर लागतो. म्हणून डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबावं.

शिवाय औषधाचा डबा लेबलासकट सोबत न्यावा. ऑर्गॅनोफॉस्फेटवर चालणारं प्रॅलिडॉक्सिम हे उताऱ्याचं औषध सायपरमेथ्रिन या दुसऱ्या गटातल्या कीटकनाशकाच्या बाधेत उपयोगाचं नाही, आणि नुसतं ‘फवारा लागला’ एवढ्यावरून डॉक्टरांना नेमकं औषध कळत नाही.