खिशातलं भंगार आणि परतीची वाट

(डोंबिवलीत झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

पुढच्या रांगांमध्ये पालक आहेत आणि मागच्या रांगांमध्ये मुलं आहेत, हे इथून स्पष्ट दिसतंय. मागच्यांना आजचं बरंचसं माहीत असणार. माझं काही चुकलं तर खुशाल हात वर करा. पुढच्यांसाठी मात्र अगदी पहिल्यापासून सांगतो.

आपण 'द सर्ज' नावाच्या व्हिडिओ गेमबद्दल बोलणार आहोत. जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या डेक 13 या स्टुडिओनं तो तयार केला आणि मे 2017 मध्ये तो बाजारात आला. 2019 मध्ये त्याचा दुसरा भाग आला, पण आज पहिल्या भागापुरतंच बोलू. मी गणिताच्या शिकवण्या घेतो. गेम खेळणाऱ्यांतला मी कधीच नव्हतो. या गेमची आणि माझी ओळख घरातल्या एका भांडणातून झाली. ते पुढे येईलच.

आधी नाव बघू. सर्ज म्हणजे विजेचा अचानक आलेला लोंढा. लोडशेडिंगच्या दिवसांत लाइट परत येताना फ्रिज जळेल म्हणून आपण आधीच बटण बंद करून ठेवायचो, ते याच्याच भीतीनं. या गेममध्ये एका अवाढव्य कारखान्यात असाच काहीतरी उत्पात झालाय. कामगारांच्या अंगावर लोखंडी सांगाडे बसवलेले आहेत, आणि ते कामगार आता भान हरपून दिसेल त्याच्यावर धावून जातायत.

आपला नायक वॉरन. गोष्ट सुरू होते तेव्हा तो ट्रेनमध्ये बसलाय आणि कामाच्या पहिल्या दिवशी कंपनीत निघालाय. डोंबिवलीकराला हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. समोर पडद्यावर कंपनीची जाहिरात चालू आहे. ट्रेन थांबते, आणि तेव्हा कळतं की वॉरन चाकाच्या खुर्चीत आहे. या कंपनीत सांगाडा मिळतो आणि सांगाडा मिळाला की चालता येतं, म्हणून तो आलाय. सांगाडे दोन प्रकारचे, एक चपळ आणि एक दणकट. त्यातला एक निवडायचा. मग यंत्र तो सांगाडा त्याच्या शरीरात ठोकून बसवतं, आणि तेही तो शुद्धीवर असताना. पुढे जाग येते ती कारखान्याच्या भंगारात. आता उठायचं आणि वाट काढायची.

अशा गेमला ॲक्शन रोल-प्लेइंग गेम म्हणतात. यात दोन गोष्टी वाढत जातात. एक म्हणजे पात्राचे आकडे: ताकद, चिलखत, शस्त्र. दुसरी म्हणजे खेळणाऱ्याचा हात: कधी मारायचं, कधी बाजूला व्हायचं, कधी नुसतं बघत राहायचं. सोप्या गेममध्ये आकडे वाढले की काम भागतं. अवघड गेममध्ये हात तयार झाल्याशिवाय आकड्यांचा फारसा उपयोग होत नाही. हा अवघड घाट रूढ केला जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीनं, 2009 चा 'डीमन्स सोल्स' आणि 2011 चा 'डार्क सोल्स' या गेममधून. तिथे किल्ले आणि तलवारी होत्या. डेक 13 नं तोच घाट भविष्यातल्या कारखान्यात नेला.

आता व्यवहार समजून घेऊ. शत्रू पडला की भंगार मिळतं. हेच इथलं चलन. कारखान्याच्या प्रत्येक विभागात एक सुरक्षित खोली असते. तिथे जाऊन भंगार खर्च करायचं आणि सांगाड्याची शक्ती वाढवायची, चिलखत बनवायचं, किंवा भंगार तिथेच जमा करून ठेवायचं. औषधाच्या मात्राही तिथेच भरून मिळतात. पण त्या खोलीत ही सोय वापरली की बाहेर मारलेले बहुतेक शत्रू पुन्हा आपापल्या जागी येऊन उभे राहतात.

आणि वाटेत मेलात तर? खिशातलं सगळं भंगार मेलात त्या जागी पडून राहतं. तुम्ही पुन्हा सुरक्षित खोलीतून निघता आणि घड्याळ चालू होतं. वेळेत तिथे पोचलात तर भंगार परत मिळतं. वाटेत शत्रू मारला की थोडा वेळ वाढवून मिळतो. पोचायच्या आधी पुन्हा मेलात, तर पहिलं भंगार कायमचं गेलं.

म्हणजे दर दहा पावलांवर एकच प्रश्न उभा राहतो. खिशात बरंच साठलंय. मागे वळून जमा करू, की आणखी एक वळण बघू?

त्यात दुसरा एक मोह आहे. शत्रूच्या शरीराचा कुठला भाग मारायचा हे तुम्ही निवडू शकता. उघड्या भागावर मारलं तर तो लवकर पडतो. पण त्याच्या हातावर चिलखत आहे आणि तसलंच तुम्हाला हवंय, तर त्या चिलखतावरच मारत राहावं लागतं आणि शेवटी तो हात तोडावा लागतो. तेव्हा त्या भागाचा आराखडा हाती लागतो. सोपं मारायचं की हवं ते मिळवायचं, हे प्रत्येक झटापटीत नव्यानं ठरवावं लागतं. ही हिंसा पडद्यावर उघड दिसते. अमेरिकेत या गेमवर सतरा वर्षांवरील वयाचा शिक्का आहे. शाळकरी पोरांच्या हातात तो देऊ नये, हे आताच सांगून ठेवतो.

या गेममध्ये नकाशा नाही. वाट पायानंच शिकायची. अर्धा तास धडपडत पुढे गेल्यावर एखादं दार उघडतं आणि लक्षात येतं, अरे, ही तर तीच सुरक्षित खोली! वळसा घालून आपण तिथेच आलो, आणि आता जवळची वाट खुली झाली. ठाणे स्टेशनात नवखा माणूस दहा फलाटांत हरवतो. महिन्याभरानं त्यालाच कळलेलं असतं की कुठल्या डब्यात चढलं तर डोंबिवलीला थेट मधल्या पुलाच्या जिन्यासमोर उतरता येतं. हे त्याला कुणी नकाशा काढून दाखवलेलं नसतं. चार वेळा चुकीच्या टोकाला उतरून तो ते शिकलेला असतो. तसंच हे.

आता ते भांडण.

माझ्या मुलाचा बारावीचा निकाल मनासारखा लागला नाही. प्रवेश परीक्षेतही तेच झालं. पुन्हा परीक्षा द्यायची असं ठरलं, पण तो पुस्तक उघडेना. रात्री मात्र हा गेम चालायचा. मी दोनदा ओरडलो, आणि तिसऱ्यांदा कंट्रोलर उचलून कपाटात ठेवला. दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, तो काय करतो ते एकदा बसून बघा तरी. मग काय ते ठरवा."

मी कंट्रोलर परत दिला आणि शेजारी बसलो. हातात शिकवणीची एक जुनी उत्तरपत्रिका होती. तिच्या पाठीवर मी खुणा करत गेलो. किती वेळा मरतो ते मोजावं आणि नंतर तोंडावर मारावं, असा माझा हेतू होता. तोही खोटं कशाला सांगू?

त्या रात्री समोर पॅक्स नावाचं यंत्र होतं, या गेममधला पहिला मोठा शत्रू. दोन पायांचं, इतकं मोठं की पायांमधून रिक्षा निघून जाईल. मुलगा पहिल्यांदा गेला तो काही सेकंदांतच. दुसऱ्यांदाही तसंच. मी खूण केली आणि सहज विचारलं, "आता काय झालं?" तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "दम संपला. तीन फटके मारले, पळायला काही उरलंच नाही."

इथे दम म्हणजे एक पट्टी असते. मारणं, धावणं, बाजूला उडी घेणं, सगळं तिच्यातूनच खर्च होतं. सगळी मारण्यात घालवली तर चुकवायला काही शिल्लक राहत नाही.

पुढच्या खेपेला त्यानं दोनच फटके मारले. तरी मेला, पण कारण वेगळं होतं: यंत्र पाय उचलून आपटतं तेव्हा हा जवळच उभा होता. मी खुणेच्या पुढे कारण लिहायला लागलो. लोभ. दम. पाय. पुन्हा लोभ. दहाव्या-अकराव्या खुणेला त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. पायांवर मारत राहिलं की एका क्षणी ते यंत्र आकाशात क्षेपणास्त्रं सोडतं. तेव्हा लांब पळायचं नाही, उलट त्याच्या पोटाखाली जाऊन उभं राहायचं. क्षेपणास्त्रं खाली येतात ती त्याच्याच अंगावर. ते कोसळतं, आणि मग डोक्यावर मारता येतं. पण त्यातही वेळ चुकली, आणि तो आणखी तीनदा मेला. चौदा खुणा झाल्या. पंधराव्या वेळी यंत्र पडलं.

मी विचारलं, "चौदा वेळा हरलास, कंटाळा नाही आला? गणिताचा एक पेपर बिघडला तर तू आठवडाभर वही उघडत नाहीस."

तो म्हणाला, "बाबा, इथे का मेलो ते कळतं. तिथे नुसते मार्क कळतात."

मंडळी, मी पंचवीस वर्षं शिकवतोय. हे वाक्य मला लागलं, कारण मी स्वतः उत्तरपत्रिका तशाच परत करायचो. वर लाल शाईत आकडा, आत बरोबर-चूकच्या खुणा. हा गेम अवघड आहे, पण तो शिकवत असतो. शत्रू वार करण्याआधी हात मागे घेतो, ते तुम्हाला दिसतं. तो दर वेळी त्याच जागी उभा असतो, त्यामुळे मागच्या वेळची चूक आज तपासून बघता येते. मेल्यावर भंगार जातं, पण वाट पाठ झालेली असते आणि हात तयार झालेला असतो. ते कुणी काढून घेऊ शकत नाही. आणि पुन्हा उभं राहायला काही सेकंद लागतात, वर्ष लागत नाही. चूक स्वस्त असली आणि तिचं कारण दिसत असलं, की माणूस चिकाटी दाखवतो. त्याच मुलाला चूक महाग पडली आणि तिचं कारण दिसेना, की आपण त्याला आळशी म्हणतो.

आता दुसरी बाजू. गेममध्ये जमलं म्हणजे आयुष्यात आपोआप जमतं, असं मी म्हणणार नाही. कारखान्यातला शत्रू त्याच कोपऱ्यात उभा राहतो, परीक्षेतला प्रश्न राहत नाही. आणि 'एकदाच अजून' म्हणता म्हणता पहाटेचे तीन वाजतात, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून आमच्या घरात एक नियम झाला. लढाईच्या मधे "जेवायला ये" म्हणून हाका मारायच्या नाहीत. खिशात भंगार असताना कुणी उठत नाही. उठवलं तर चिडतो, आणि त्याचं चिडणं खोटं नसतं. पण सुरक्षित खोलीत पोचून भंगार जमा केलं, की उठायचं. ती थांबायची जागा गेमनंच करून ठेवलीय. पालकांनी ती ओळखावी आणि मुलांनी ती पाळावी.

नव्यानं खेळणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो. एका वेळी एकच शत्रू अंगावर घ्या. खोलीत शिरताना खोक्यांच्या आणि दारांच्या मागे बघा, तिथे कुणीतरी दबा धरून असतो. नवा शत्रू दिसला की पहिले दोन वार नुसते चुकवा आणि त्याची सवय बघा. आणि पुढच्या चिलखतासाठी जेवढं भंगार लागतं तेवढं खिशात झालं, की परत फिरा.

मुलानं नंतर काय केलं, असं तुम्ही विचाराल. त्यानं पुन्हा परीक्षा दिली. मार्क किती पडले ते मी इथे सांगणार नाही, कारण मग तुम्ही तेवढंच लक्षात ठेवून घरी जाल. बदल झाला तो माझ्या शिकवणीत. आता मी पेपर परत करतो तेव्हा वर आकडा नसतो. प्रत्येक चुकीपुढे एक शब्द असतो: घाई, सूत्र, चिन्ह, वाचन. मुलं आधी आपापल्या चुका मोजतात, त्यातली कुठली परत परत होते ते बघतात. मार्क मी दुसऱ्या दिवशी सांगतो. पहिल्या आठवड्यात पालकांचे फोन आले, मार्क का लपवता म्हणून. आता येत नाहीत.

आणि गेम मीही खेळायला घेतलाय. पॅक्सपाशी माझ्या एकवीस खुणा झाल्यात. सगळ्यांपुढे एकच शब्द आहे: लोभ.

मागचा एक हात बराच वेळ वर आहे. बोल, माझं काय चुकलं?