घरचा सर्व्हर : गती अडते कोठे?

मराठी कुटुंबाचा सारा गोतावळा एकाच गावी नांदतो, असे आता क्वचितच आढळते. मूळ घर इंदुरास किंवा बडोद्यास, मुलगा पुण्याला, लेक अमेरिकेत, ही मांडणी आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाची असेल. अशा काही घरांतून अलीकडे एक सोय रुजू लागली आहे. आजीच्या ओव्यांच्या कॅसेटी, लग्नमुंजींची छायाचित्रे, जुनी कागदपत्रे हे सारे संगणकावर चढवून घरातल्याच एका लहान यंत्रात साठवावयाचे आणि ज्याला जे हवे ते त्याने आपल्या गावी बसून उतरवून घ्यावयाचे. हाच घरचा सर्व्हर. त्याच्याविषयीची तक्रार बहुधा एकच असते : फाइल उतरता उतरत नाही. तिच्यावरचा उपायही ठरलेला, अधिक भाड्याची इंटरनेट-जोडणी! आमच्या मते हा उपाय सर्वांत शेवटी योजावा. डिस्कपासून लेकीच्या घरापर्यंत फाइलीला अनेक टप्पे ओलांडावे लागतात आणि त्यांतला सर्वांत अरुंद टप्पा साऱ्या वाटेची गती ठरवितो. तो कोणता हे न पाहता पैसे मोजणे म्हणजे विहिरीचा झरा आटला असता मोठा पोहरा विकत आणणे होय.

प्रथम हिशेब. जोडणीची गती बिटांत सांगतात, उतरणाऱ्या फाइलीची बहुधा बाइटांत. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० मेगाबिटांच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटांहून अधिक येणे शक्यच नाही. कित्येक तक्रारी या भागाकारातच मिटतात.

मग घरातल्या घरात एक मोठी फाइल सर्व्हरवरून दुसऱ्या संगणकावर उतरवून पाहावी. ती झपाट्याने उतरली, तर अडचण घराबाहेर आहे असे समजावे. येथे एक गोष्ट सहज नजरेआड होते. लेक जेव्हा अमेरिकेत ‘डाउनलोड’ करते, तेव्हा आपल्या घरून होत असते ते ‘अपलोड’. जोडणी घेताना आपण पाहतो तो येण्याचा आकडा. जाण्याचा आकडा, विशेषतः तांब्याच्या जुन्या तारांवर, पुष्कळच लहान असतो. तो १० मेगाबिट असेल, तर एका गिगाबाइटच्या चित्रफितीस तेरा मिनिटांहून अधिक लागणारच, मग लेकीकडची जोडणी कितीही वेगवान असो.

अंतराचाही कर असतो. माहिती लहान लहान पुडक्यांनी जाते आणि पलीकडून पोच मिळत गेली म्हणजे पुढची पुडकी सुटतात. अमेरिकेहून पोच परतण्यास सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो असे धरू. एखादा जुना प्रोग्राम पोच येण्यापूर्वी ६४ किलोबाइटच पुढे सोडत असेल, तर सेकंदाला ३२० किलोबाइटांची मर्यादा पडलीच! अशा वेळी चारपाच फाइली एकदम उतरवाव्यात. शिवाय घरातले सारे मोबाइल रात्री छायाचित्रे बाहेर पाठवू लागले, की पोचही त्याच गर्दीत अडकते आणि येणारी माहितीसुद्धा मंदावते. गर्दीचा हा प्रताप जुना आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कलेचे विद्यापीठ यांमधली जोडणी सेकंदाला ३२ हजार बिटांवरून अवघ्या ४० बिटांवर आली. अंतर सुमारे ४०० यार्ड. कागद हाती देऊन माणूस धाडला असता तर तो आधी पोचता. हरवलेली पुडकी जो तो पुन्हापुन्हा पाठवून कोंडी वाढवीत होता. गर्दी दिसताच पाठविणाऱ्याने हात आखडता घ्यावा, ही व्हॅन जेकबसन यांनी १९८८ च्या आपल्या निबंधात मांडलेली रीत पुढे इंटरनेटच्या अंगवळणी पडली. घरापुरता उपाय सोपा : राउटरमध्ये सोय असल्यास अपलोडवर, मोजलेल्या गतीहून थोडी कमी, अशी मर्यादा घालावी.

घरातच फाइल रेंगाळत असेल, तर सर्व्हर वाय-फायवर नाही ना हे पाहावे. जुन्या वाड्याच्या जाड भिंतींपुढे त्याचे काही चालत नाही. केबल जोडूनही गती साडेअकरा मेगाबाइटांच्या आसपास अडली, तर केबलचाच संशय घ्यावा. तिच्यात तारांच्या चार जोड्या असतात. १००० मेगाबिटांस चारही लागतात, १०० ला दोन पुरतात. एखादी तार तुटली, की दोन्ही टोकांची यंत्रे पुष्कळदा गुपचूप १०० वर तडजोड करतात आणि दिवा मात्र पूर्ववत लुकलुकत राहतो! दाराच्या फटीत चेमटलेली केबल बदलण्यास खर्च तो किती? अर्थात यंत्राचीच मर्यादा १०० ची नाही ना, हेही पाहावे.

केबल धड असेल तर उरते डिस्क. ‘आयपर्फ’ हा विनामूल्य प्रोग्राम डिस्कला हात न लावता केवळ वाटेची गती मोजतो. वाट मोकळी आणि फाइल मंद, तर दोष बहुधा डिस्कचा. ती जुन्या धाटणीच्या यूएसबी खाचेत असेल, तर खाच बदलावी. परंतु कालपर्यंत सुरळीत चालणारी डिस्क एकाएकी अडखळू लागली, एकेका फाइलीपाशी थबकू लागली, तर खराब झालेली जागा ती पुन्हापुन्हा वाचू पाहत असण्याचा संभव मोठा. तेथे गतीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी दुसऱ्या डिस्कवर प्रत उतरवावी. ओव्या आधी, चित्रपट मागाहून.