बोरीवरची कोळिष्टके

गेवराईहून राक्षसभुवनकडे, म्हणजे १७६३च्या लढाईने इतिहासात गेलेल्या गोदाकाठाकडे निघाले की दोन्ही अंगांना कपाशी आणि ऊस दिसतो. मला या मुलखाचे बांध अधिक मोलाचे वाटतात. बांधावरच्या बोरी-बाभळीच्या काटेरी फांद्यांत मुठीएवढे, कधी नारळाएवढे मळकट गुंतवळे अडकलेले असतात. वाळकी पाने, काटक्या, भुंगेऱ्यांची रिकामी कवचे असे सगळे त्यात विणून टाकलेले असते. पाहणारा त्याला जळमट म्हणतो आणि फांदी छाटताना झोडून काढतो. त्या जळमटाच्या आतल्या बोळांमध्ये मात्र कोळ्यांची एक अख्खी वसाहत राहते. काही डझन ते कित्येक शे मादी कोळी एका छपराखाली!

या कोळ्याचे शास्त्रीय नाव स्टेगोडिफस सॅरासिनोरम. पाउल आणि फ्रिट्झ सारासिन या स्विस संशोधकांनी श्रीलंकेत जमवलेल्या नमुन्यांवरून जर्मन अभ्यासक फर्डिनांड कार्श याने १८९२ मध्ये त्याचे वर्णन केले आणि नावही त्या दोघांवरून ठेवले. पुढे १९०५ मध्ये एन. एस. जंबुनाथन यांचा या कोळ्याच्या जीवनक्रमावरचा निबंध अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने छापला. भारतीय अभ्यासकाने इतक्या आधी या कोळ्याचे राहणे-वागणे टिपून ठेवले, याचा आपल्याकडे फारसा उल्लेख होत नाही. तो व्हायला हवा.

त्याचे कुळ एरेसिडी. जगभरात या कुळात सुमारे शंभर जाती आहेत. अंगावर दाट, मखमलीसारखी लव, डोके उंच आणि चौकोनी, आठांपैकी चार डोळे पुढे मध्यभागी जवळजवळ, तर मागच्या ओळीतले कडेचे दोन पार मागे सरकलेले. एवढ्या खुणांवर कुळ ओळखता येते. जाती मात्र अशा वरवर पाहून ठरत नाहीत. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली नर-मादीची जननांगे तपासावी लागतात. ओटो आणि मार्गारेटे क्राउस यांनी १९८८ मध्ये स्टेगोडिफस प्रजातीची फेरमांडणी केली आणि २०१२ मध्ये संपूर्ण कुळाचा सचित्र आढावा प्रसिद्ध झाला.

वर्गीकरणाची खरी गंमत धाग्यात आहे. शेतातल्या गोल जाळ्यांवर चिकट थेंब असतात, या कोळ्याच्या धाग्यावर ते नसतात. पोटाखाली धाग्याच्या नळ्यांपुढे त्याला एक चपटी चाळणी असते. तिच्यातून निघणारे अतिसूक्ष्म तंतू तो मागच्या पायांवरच्या केसांच्या फणीने विंचरतो आणि त्यांची लोकर होते. किड्याचे पाय, काटे, केस तिच्यात गुंततात. डिंकच नसल्यामुळे तो सुकून जाण्याचाही प्रश्न येत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी चाळणीवाले कोळी एका बाजूला आणि बिनचाळणीचे दुसऱ्या बाजूला असे सरळ दोन गट पाडले. मांडणी सुटसुटीत होती, म्हणून दीर्घकाळ टिकली. १९६७ मध्ये फिनलंडच्या पेक्का लेहटिनेन यांनी ती मोडीत काढली. चाळणी हा पूर्वजांकडून आलेला जुना अवयव आहे आणि वेगवेगळ्या वंशांनी तो स्वतंत्रपणे गमावला, हे मान्य झाल्यावर दूरचे जवळ आले आणि जवळचे दूर गेले. याचा दाखला आपल्या घराच्या भिंतीवरही मिळतो. कोपऱ्यात पैशाएवढे चपटे जाळे करणारा चिमुकला कोळी ओईकोबिडी कुळातला. या एकाच कुळात चाळणीवालेही आहेत आणि बिनचाळणीचेही. झाडाच्या खोडाला चिकटून बसणारा, दोन शेपट्या असल्यासारखा दिसणारा हर्सिलिडी कुळातला कोळी आणि बोरीवरचा मखमली कोळी यांना भिंतीवरच्या कोळ्यासह काही काळ एकाच मोठ्या गटात ठेवले होते. जनुकांच्या अभ्यासाने भिंतीवरचा आणि खोडावरचा जवळचे ठरले, तर मखमली कोळ्याची फांदी वेगळी झाली. भिंतीवरच्या या कोळ्यांपैकी एका जातीला बिनॉय कृष्ण टिकादार यांनी १९६२ मध्ये ओईकोबियस मराठाअस हे नाव दिले. आज ती जात उष्ण प्रदेशांतल्या कितीतरी देशांत नोंदलेली आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या पुणे केंद्रात काम केलेल्या टिकादारांनी भारतीय कोळ्यांच्या अभ्यासाचा पाया घातला, असे म्हणायला हरकत नाही.

जगात कोळ्यांच्या पन्नास हजारांहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी कायम समूहाने राहणाऱ्या जेमतेम दोन डझन. स्टेगोडिफसच्या विसेक जातींत अशा तीनच, दोन आफ्रिकेत आणि एक आपल्याकडे. तिन्हींमध्ये हा स्वभाव स्वतंत्रपणे उपजला. एकटीला न पेलणारा टोळ दहाजणी मिळून ओढतात आणि मिळून खातात. नर फार थोडे, आणि वसाहतीतल्या सगळ्याच माद्या अंडी घालत नाहीत. ज्या घालत नाहीत त्याही पिलांना पोटातला रस ओकून भरवतात आणि शेवटी पिले आयांना व या मावश्यांनाही खाऊन टाकतात. याला क्रौर्य म्हणणे मला पटत नाही. अंगातला शेवटचा कण पुढच्या पिढीला देणारी ही व्यवस्था आहे. तिची किंमतही आहे. जोड्या घरातल्या घरात जमतात, त्यामुळे वसाहतीत जनुकांचे वैविध्य फार कमी उरते. म्हणूनच एका भागातल्या वसाहती भराभर नाहीशा झाल्या तर ते नुकसान सहज भरून येईल असे धरून चालता येत नाही.

या घरात पाहुणेही राहतात. केरळमधल्या फेरोक गावावरून नाव मिळालेला युलोबोरस फेरोकस हा कोळी याच वसाहतींच्या आश्रयाने राहतो. अभ्यासक ब्राडू यांनी १९७९ मध्ये त्याचे वर्णन केले. त्याच्या कुळाकडे विषग्रंथीच नसतात.

बांध यंत्राने सपाट होतात, कुंपणे पेटवली जातात, बोरी मुळासकट निघतात. गेवराईच्या शेतकऱ्यांना माझी विनंती आहे की कीटक खाणारी ही वसाहत फांदीवर राहू द्यावी. महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांसाठी तर इथे घरटे कोणत्या जातीचे हे नोंदवण्याचे मोठे काम आहे. सॅरासिनोरमचा सर्वांत जवळचा नातेवाईक स्टेगोडिफस पॅसिफिकस. तोही भारतात आढळतो, पण त्याची पिले मोठी झाली की पांगतात. तेव्हा एका घरट्यात अनेक प्रौढ माद्या सापडल्या तर ती सॅरासिनोरमची वसाहत समजायला चांगला आधार आहे. एकच मादी सापडली तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नये, कारण सॅरासिनोरमची नवी वसाहतही कित्येकदा एकट्या मादीपासूनच सुरू होते. झाडाची जागा टिपून ठेवावी, पुढच्या हंगामात त्याच फांदीकडे परत यावे, आणि प्रौढ मादी मिळाली की ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासून मगच जात लिहावी.