भिंतीवरच्या तसबिरीतली चांदी

कृष्णधवल फोटोतला काळा भाग म्हणजे शाई नव्हे. ती चांदी असते. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली गलाई व्यावसायिकांची घराणी देशभर सोने-चांदी गाळायचे काम करतात. त्यांच्याच गावाकडच्या भिंतीवर आजोबांच्या फेट्याची घडी ज्या धातूने उमटली आहे तोही हाच, हे मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. प्रकाश पडलेल्या जागी चांदीच्या क्षारांचे शुद्ध चांदीत रूपांतर होते. तिचे अतिसूक्ष्म कण एका पातळ थरात अडकून बसतात आणि त्यांच्या दाटीवर चेहऱ्याची छटा ठरते. तो थर जिलेटिनचा असतो, जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून काढलेला. फोटो टिकवायचा तो या दोन पदार्थांच्या स्वभावाला जपून.

चांदी काळवंडते, हे देवघरातले निरांजन पाहूनही कळते. फोटोत तिची दोन रूपे दिसतात. पहिले म्हणजे कडेने चढलेली निळसर-रुपेरी झाक. फोटो तिरका धरला की ती आरशासारखी चमकते. हवेतल्या दूषित वायूंनी आणि दमटपणाने चांदीचे कण विरघळतात, थराच्या पृष्ठभागापर्यंत येतात आणि तिथे पुन्हा धातू होऊन बसतात. ही झाक पुसायला जाऊ नये. तो मळ नसून चित्रातलीच चांदी आहे. दुसरे रूप पिवळट-तपकिरी डागांचे. स्टुडिओत फोटो पक्का करायला ‘हायपो’ वापरत. लग्नसराईच्या घाईत प्रिंट पुरेशी धुतली गेली नाही तर त्यातले गंधक मागे राहते आणि वर्षानुवर्षे सावकाश चांदीला खात बसते. म्हणून एकाच अल्बममधले काही फोटो लख्ख असतात आणि शेजारचे पिवळे पडलेले असतात.

जिलेटिनचा शत्रू दमट हवा. आणि या बाबतीत सातारा-सांगलीइतका तीव्र फरक थोड्याच मुलखांत सापडेल. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माणदेशात, किंवा सांगलीच्या जत-आटपाडीकडे, तो पाचशेच्या घरात असतो. एकाच लग्नाच्या फोटोची एक प्रत जावळीत माहेरी आणि दुसरी दहिवडीला सासरी गेली, तर पन्नास वर्षांनी त्या दोन वेगळ्याच वस्तू झालेल्या असतात. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की जिलेटिनवर बुरशी धरते. बुरशीला ते अन्नच असते. फोटोंना मानवते ती ३० ते ५० टक्के आर्द्रता. माणदेशातल्या घरात ती वर्षातले बरेच महिने आपसूक मिळते, पण तिथे पत्र्याखालचा उन्हाळा रंग उडवतो. पश्चिमेकडच्या घरात फोटोंची जागा माळ्यावर नाही आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटातही नाही. घराच्या मधल्या खोलीतले, जमिनीपासून उंच असलेले कपाट त्यातल्या त्यात बरे.

भिंतीवरच्या तसबिरींचे दुखणे वेगळे आहे. आपल्याकडे फोटो थेट काचेला चिकटवून, मागे प्लायवूड ठोकून मढवायची पद्धत होती. पावसाळ्यात जिलेटिन मऊ होऊन काचेला धरते आणि मग फ्रेम उघडताना चेहऱ्याचा अर्धा भाग काचेवरच राहतो. अशी तसबीर उघडायचा हट्ट करू नये. आधी काचेसकट तिचा नीट फोटो काढून घ्यावा, मग जाणकाराला दाखवावी. नव्याने मढवताना काच आणि फोटो यांच्यात आम्लरहित पुठ्ठ्याची चौकट घातली की हवा खेळती राहते.

रंगीत फोटोंनी लोकांना फसवले. त्यांच्यात शेवटी चांदी उरत नाही, नुसती रंगद्रव्ये उरतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या बऱ्याच कागदांतले निळसर द्रव्य अंधारातही फिके पडत गेले. त्यामुळे त्या काळातल्या अल्बममधले सगळे वऱ्हाड आज तांबूस दिसते. कपाटात जपून ठेवूनही हे घडले, कारण दोष कागदाच्या रसायनातच होता. १९३० सालचा कृष्णधवल फोटो १९८० सालच्या रंगीत फोटोपेक्षा चांगला राहू शकतो. म्हणून स्कॅनिंगला बसताना सर्वांत जुन्या फोटोपासून सुरुवात करायचा मोह आवरावा आणि आधी रंगीत अल्बम घ्यावेत. चिकट पानांवर प्लॅस्टिक ओढायचे अल्बम तर सर्वांत आधी, कारण त्यांचा गोंद पिवळा पडून फोटोच्या पाठीत मुरतो. आणि लॅमिनेशन कधीही नको. उष्णतेने चिकटवलेले प्लॅस्टिक फोटोला इजा न करता काढता येत नाही.

कृष्णाकाठी या सगळ्यावर पाणी फिरवणारी गोष्ट एकच. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ आणि २०२१ चे महापूरही सांगलीकर विसरलेले नाहीत. पूर ओसरल्यावर गाद्या, धान्य आणि वह्यांसोबत भिजलेले अल्बमही उकिरड्यावर गेले. ते सगळेच गेलेले नव्हते. फोटो जन्माला येतानाच पाण्यात असतो, त्यामुळे जुनी कृष्णधवल प्रिंट थोडा वेळ पाण्यात राहिली म्हणून लगेच मरत नाही. ती मरते एकमेकींना चिकटून वाळताना. मऊ झालेले जिलेटिन शेजारच्या फोटोला धरून सुकले की अल्बमची वीट होते. म्हणून ओले फोटो वाळू न देता स्वच्छ गार पाण्यात ठेवावेत, हलक्या हाताने सुटे करावेत, चिखल बोटाने न चोळता पाण्यानेच जाऊ द्यावा आणि चित्राची बाजू वर करून सावलीत कापडावर पसरावेत. ऊन नको, इस्त्री नको. हे दोन दिवसांच्या आत झाले पाहिजे. तेवढी सवड नसेल तर मध्ये बटर पेपर घालून, पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवावेत. थंडीत बुरशी थांबते आणि पुढच्या महिन्यात शांतपणे काम करता येते. पुरात वीज जाते हे खरेच, पण विट्याला किंवा मिरजेच्या उंच भागात एखाद्या पाहुण्याकडे वीज असते.

जपानमध्ये मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर हेच मोठ्या प्रमाणावर झाले. मियागी प्रांतातल्या यामामोतो गावात चिखलातून सुमारे साडेसात लाख फोटो गोळा झाले. स्वयंसेवकांनी ते धुतले, वाळवले, त्यांना क्रमांक दिले आणि त्यांच्या डिजिटल प्रती काढल्या, म्हणजे वाचलेल्या माणसांना आपापले फोटो शोधता यावेत. पूर नेमाने येणाऱ्या सांगलीत अशी तयारी एखाद्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाने आणि एनएसएसच्या मुलांनी मिळून करून ठेवायला हवी. लागणारे सामान ट्रे, जाळ्या, दोऱ्या आणि स्वच्छ पाणी एवढेच आहे.

डिजिटल प्रतीचे गणित सोपे आहे. चार बाय सहा इंचांचा फोटो ३०० डीपीआयने स्कॅन केला तर साधारण २२ लाख बिंदू मिळतात, ६०० ने ८६ लाख. घरगुती प्रिंटसाठी ६०० पुरे. पण अनेक घरांत अग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याने काढलेले जेमतेम सहा सेंटिमीटरचे चौकोनी फोटो असतात. एका रोलमध्ये बारा फोटो यायचे. ते मात्र १२०० ने घ्यावेत आणि निगेटिव्ह सापडली तर तीच स्कॅन करावी, कारण प्रिंटपेक्षा तिच्यात तपशील जास्त असतो. कृष्णधवल फोटोही रंगीत म्हणूनच स्कॅन करावा, म्हणजे डाग आणि चित्र पुढे वेगळे करता येतात. मूळ प्रत टिफ स्वरूपात ठेवावी, नातेवाइकांना जेपेग द्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो आकसतो, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यातली एक दुसऱ्या गावी असावी. कृष्णाकाठच्या घराला हा नियम वेगळा पटवून द्यावा लागत नाही.

आणि तरीही हे सगळे दुय्यम आहे. उडालेला रंग संगणक बऱ्यापैकी परत आणतो, फाटका कोपरा जोडतो. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी बाई कोण, हे तो सांगू शकत नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांना वाईत पानिपतच्या काळातली पत्रे मिळाली आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. त्या पत्रांत लिहिणाऱ्याचे नाव होते, बहुधा तिथीही होती. फोटोच्या पाठीवर बहुतेक वेळा काहीच नसते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. सातारा जिल्ह्यात घरोघरी गणवेशातल्या माणसांचे फोटो आहेत. टोपीवरच्या बिल्ल्यावरून पलटण ओळखता येते, छातीवरच्या फितींवरून मोहीमही. त्या चेहऱ्याचे नाव मात्र घरातल्या एखाद्या म्हातारीलाच ठाऊक असते. अनुषा यादव यांनी २०१० साली सुरू केलेल्या ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’मध्ये प्रत्येक कौटुंबिक फोटोसोबत त्यामागची हकिकतही घेतली जाते. फोटोचे मोल निम्म्याहून जास्त त्या हकिकतीतच असते.

म्हणून कामाचा क्रम उलटा लावावा: आधी नावे, मग स्कॅनर. केरळात, तमिळनाडूत, दिल्लीत पांगलेली गलाई कुटुंबे यात्रेला आणि दिवाळीला गावी एकत्र येतात, तेव्हा अल्बम बाहेर काढावा. जुन्या जाड कागदाच्या पाठीवर मऊ पेन्सिलने, कडेला, न दाबता लिहावे. बॉलपेनची खूण पुढून उमटते, आणि नव्या प्लॅस्टिकच्या थराच्या कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथे लिफाफ्यावर लिहावे. आजी बोलत असताना मोबाइलचे रेकॉर्डिंग चालू ठेवावे, कारण लिहिणाऱ्याला महत्त्वाचे वाटत नाही तेच पुढे कामाला येते: कुणाची कोण, कुठल्या वाड्याच्या अंगणात, त्या वर्षी दुष्काळ होता की नाही. फोटोचा क्रमांक तेवीस असेल तर आवाजाच्या फाइललाही तेवीसच द्यावा. आणि आजी जिथे अडखळते तिथे अंदाजाने नाव न घालता प्रश्नचिन्ह करावे आणि ती प्रत थोरल्या आत्याकडे पाठवावी.