गॅलरीत अझेलिया की शेवंती?

गुच्छागुच्छांनी फुललेल्या अझेलियाचे चित्र पाहिले की ते रोप आपल्याही दारात असावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण कष्टाच्या पगारातले पैसे मोडण्यापूर्वी त्या झाडाचे घर कोठे आहे, ते पाहू या.

अझेलिया ही हिमालयातल्या बुरांशची भावंडे. त्यांना दार्जिलिंग-सिक्कीमसारखी थंड, दमट हवा आणि आम्लधर्मी माती लागते. आपल्याकडची काळी माती चुनखडीची, बोअरचे पाणी बहुधा जड. अशा मातीतले लोह मुळांना घेता येत नाही. शिरा हिरव्या राहतात आणि पान पिवळे पडते. उरलेसुरले काम एप्रिलचे ऊन करते.

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या थंडीला शोभते ती शेवंती. कुंडीसाठी लहान फुलांची, झुडपासारखी पसरणारी जात निवडा. मोठ्या फुलांच्या जातीला काठीचा आधार द्यावा लागतो, जादा कळ्या खुडाव्या लागतात. रात्री मोठ्या झाल्याशिवाय शेवंती कळी धरत नाही, म्हणून रस्त्याच्या दिव्याचा उजेड पडेल तेथे कुंडी नको. दिवसा मात्र पाच-सहा तास ऊन हवे. पहिल्या पाळीला निघताना माती चाचपून पाणी घाला. कुंडीच्या तळाला भोक हवेच.

बहर सरला की झाड छाटा. बुंध्याजवळचे मुळासकट फुटवे काढून उन्हाळाभर विरळ सावलीत जगवा आणि पावसाळ्याच्या तोंडावर नव्या मातीत लावा. रोप एकदाच विकत घ्यायचे. पुढच्या वर्षी शेजारच्या ताईंनाही द्यायला उरते.